पैलवान आणि थांबासर

"मी तुम्हाला उचलू का?"

विचारलं! तिने खरंच विचारलं! भर दुपारी, हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये, एका पूर्णपणे अनोळखी माणसाला, त्याच्या डोळ्यांत डोळे घालून. आणि विचारून झाल्यावर मग तिला दरदरून घाम फुटला.

आता यात तिचा काय दोष? पैज मैत्रिणींनी लावली होती. वॉर्डात नव्याने लागलेल्या तिघी सिस्टर म्हणजे तीन तऱ्हा होत्या. एक टाचणी, अंगाने बारीक आणि जिभेने टोचरी. दुसरी बातमी, जिच्या पोटात तीळ भिजत नसे. आणि तिसरी ही, वय वर्षं बावीस, खांदे असे की दारातून आत येताना दारानेच जरा सरकून घ्यावं. कसलाही जडशीळ पेशंट असो, ही बाही वर सारायची, त्याच्या बगलेत हात घालायची आणि एका दमात त्याला उशीपर्यंत ओढायची. एकटी! सगळं हॉस्पिटल तिला 'पैलवान' म्हणायचं, आणि ती त्यावर अशी खूश व्हायची, जणू गळ्यात पदकच घातलंय.

"जिन्यातून जो पहिला पुरुष येईल," टाचणी म्हणाली होती, "त्याला विचारायचं. नाहीतर यापुढे पैलवान म्हणवून घ्यायचं नाही."

आणि जिन्यातून आला तो. सडपातळ, चष्मा नाकावर घसरलेला, काखेत कसल्यातरी गुळगुळीत निळ्या कापडाची घडी. बाहेर पाऊस भुरभुरत होता आणि त्याच्या केसांवर बारीक थेंब होते, साखर पेरल्यासारखे.

प्रश्न ऐकून तो दचकला नाही. चिडलाही नाही. थांबला. आणि अगदी मनापासून विचार करून म्हणाला, "का?"

"का म्हणजे…?"

"मला चालता येतंय. मग उचलायचं कशाला?"

"पैज आहे," ती पुटपुटली. मागे खांबाआड टाचणी आणि बातमी हसून हसून एकमेकींच्या अंगावर कोसळत होत्या.

"अच्छा. मग मला कुठे दुखतंखुपतं का, ते विचारायचंय का?"

"न… नाही."

"मग नको." त्याने चष्मा वर सरकवला. "पण आधी विचारलंत, हे फार बरं केलंत. सहसा कुणी विचारत नाही."

आणि तो गेला. ही तिथेच उभी, तोंडाचा आ तसाच! 'नको' म्हणाला? तिला? आणि 'नको' म्हणताना इतकं… इतकं छान कसं काय हसला?

* * *

दुसरा धक्का पुढच्या तासात बसला.

पेशंटला सुरक्षितपणे कसं हलवायचं याचं ट्रेनिंग होतं. मेट्रनबाईंनी सगळ्यांना सक्तीने बसवलं होतं. पैलवान मागच्या रांगेत जांभया देत बसली होती. मासळीला पोहायला काय शिकवणार? तेवढ्यात दार उघडलं, आणि निळी घडी घेतलेला तोच माणूस आत येऊन पलंगाशी उभा राहिला.

"बातमे," ती कुजबुजली, "मला गिळून टाक."

"मी? मी तर आता चारही मजल्यांवर सांगणार आहे," बातमी म्हणाली.

सरांनी सगळ्यांकडे बघितलं. नजर फिरत फिरत मागच्या रांगेत आली आणि तिथे, उगीच, जरा जास्तच थांबली.

"पेशंट व्हायला कोण येतंय? मघाशी मला उचलायला निघालेल्या सिस्टर आहेत ना, त्या याल का?"

सबंध हॉल खदाखदा हसला. ती कानापर्यंत लाल होऊन पलंगावर जाऊन पडली.

"आता दोघी जणी यांच्या बगलेत हात घाला. थांबा! ओढायचं नाही. नुसते हात घाला, आणि ओढणार आहोत असं त्यांना वाटू द्या."

टाचणीने एका बाजूने हात घातला, बातमीने दुसऱ्या. आणि पैलवानच्या काळजात धस्स झालं. हे… हे असं लागतं? खांद्याचे सांधे कुणीतरी कुलपात अडकवल्यासारखे. कपडे वर सरकलेले. तोंडाशी दुसऱ्याचा श्वास. आणि ते दोन्ही चेहरे तर जिवलग मैत्रिणींचे होते! आजारी पडून अनोळखी माणसांच्या हातात असती तर?

"सोडा," ती म्हणाली. आवाज तिचा तिलाच ओळखू आला नाही.

सरांनी लगेच दोघींना हात सोडायला लावले. मग तिच्याखाली ती निळी चादर सरकवली, आणि दोघींनी जराशी ढकलताच ती लोण्यावरून घसरावी तशी सुळकन उशीपाशी पोचली. कुणाच्या कपाळावर घामाचा थेंब नाही! शेवटी यंत्र आलं, चाकांवरचं, वरून कापडी झोळी लटकलेली. झोळी तिच्याभोवती नीट बसवली, यंत्र घुमलं, आणि पैलवान, जिने आख्खा वॉर्ड उचलला होता, ती जन्मात पहिल्यांदा स्वतः उचलली गेली. पाय लोंबकळले. हातात काय सापडलं ते तिने गच्च धरलं. ती सरांची बाही होती.

"मी इथेच आहे," ते हळू आवाजात म्हणाले. "खाली घेऊ? की अजून जरा थांबू?"

आणि ते थांबले. खरंच उत्तराची वाट बघत राहिले, सगळा वर्ग ताटकळत असताना!

"…खाली घ्या," ती म्हणाली.

हसू नका, पण त्या क्षणी तिला त्यांच्या डोळ्यांचा रंग दिसला नाही, आपल्याला प्रेमबीम झालंय असंही वाटलं नाही. तिला दिसली ती खिडकीजवळच्या पलंगावरची आजी. रोज सकाळी ही तिला बगलेत हात घालून उचलायची तेव्हा आजी डोळे घट्ट मिटून घ्यायची. हिला वाटायचं, आजीला किती बरं वाटतंय!

दुसऱ्या दिवशी ती चादर घेऊन आजीपाशी गेली. "आजी, तुम्हाला जरा वर सरकवायचंय. सरकवू का? कुठला खांदा दुखतो तुमचा?"

आजी बघतच राहिली. "मला विचारतेस?"

"हो."

"अगं बाई… डावा." आजीने पदर डोळ्यांना लावला, आणि मग खट्याळपणे म्हणाली, "इतके दिवस गोणी होते गं मी. आज माणूस झाले. कोणी शिकवलं? देखणा आहे का?"

"आजी!"

"म्हणजे आहे."

* * *

सरांच्या प्रत्येक वाक्यात एकदातरी 'थांबा' यायचं, म्हणून टाचणीने त्यांचं नाव 'थांबासर' ठेवलं. आणि पैलवान मात्र थांबेनाशी झाली. ट्रेनिंग संपलं की चादरींच्या घड्या घालायला हीच. झोळीचे पट्टे तपासायला हीच. घडी घालताना चादरीची दोन टोकं जवळ येतात, आणि टोकांबरोबर माणसंही येतात. हे काही ट्रेनिंगमध्ये सांगत नाहीत, पण तिला आपोआप कळलं.

"तुमचं टोक वर आहे," ते म्हणायचे.

"तुमची उंची कमी आहे," ती म्हणायची.

"मग वाकू नका, गुडघ्यात बसा. पाठ सांभाळा."

"माझ्या पाठीची एवढी काळजी का बरं?"

यावर ते चष्मा पुसायला घ्यायचे. चष्मा स्वच्छच असायचा.

एकदा हॉलच्या कोपऱ्यात झोळ्यांचं खोकं पडलं होतं. थांबासर ते पायाने ढकलत ढकलत दाराशी नेत होते. तिला हसू फुटलं. "अहो, एवढंसं खोकं! जरा उचला की!"

ते थांबले. "नाही उचलता येत."

"चेष्टा करता?"

"नाही." ते खोक्यावर टेकले. "मीही वॉर्डातच होतो. ब्रदर. मला 'क्रेन' म्हणायचे. तुमच्यासारखाच होतो मी, दोन माणसं बोलवायला कमीपणा वाटायचा. एकदा एक पेशंट पलंगावरून घसरला, आणि मी एकट्याने झेलला. तो वाचला. माझ्या मणक्यातून कट्… असा आवाज आला. कितीतरी महिने पडून होतो. मग मला उचलायचे इतर लोक. बगलेत हात घालून."

तिच्या हातातली घडी गळून पडली.

क्रेन! हाच, काडीसारखा माणूस! आणि आपण त्याला पहिल्याच भेटीत काय विचारलं होतं? मी तुम्हाला उचलू का! तिला वाटलं, कुणीतरी आपल्या कानाखाली वाजवली, आणि तीही आपल्याच हाताने.

"मला… मला माहीत नव्हतं हो."

"तुम्ही एकट्याच आहात ज्यांनी आधी विचारलं," ते हसले. "ते मी विसरलेलो नाही."

पाऊस खिडकीवर टकटक करत होता. ती धीर करून म्हणाली, "मग… तुमच्या घरी बादल्याबिदल्या कोण उचलतं?"

"अर्धीच भरतो."

"कोणी मदतीला नाही?"

"कोण येणार?" ते उठले. "पाण्याची बादली न उचलू शकणाऱ्या माणसाने कुणाला घरात येण्याबद्दल विचारू नये. तो प्रश्नच बरोबर नाही."

आणि मग, जसं काही आज वार कोणता हे सांगावं तसं म्हणाले, "रविवारी मी पुढच्या गावी ट्रेनिंग घ्यायला जातोय. पलंग, यंत्र सगळं न्यायचंय. इथे कुणाचा टेम्पो मिळेल का?"

रविवारी? ह्या रविवारी! तिच्या पायाखालची फरशीच सरकली, आणि तिच्याखाली तर निळी चादरही नव्हती.

"मिळेल," ती कशीबशी म्हणाली. "माझ्या बाबांचा आहे."

* * *

आता इथे बाबांची ओळख करून द्यायलाच हवी.

बाबा घरसामान हलवायचे. एका गल्लीतल्या माणसाचं बिऱ्हाड दुसऱ्या गल्लीत, तिसऱ्या मजल्यावर, जिन्याने. त्यांची मान कुठे संपते आणि खांदे कुठे सुरू होतात ते देवालाच ठाऊक. माणसाची किंमत ते एकाच मापाने करायचे: किती उचलतो? घरी पुढच्या खोलीत एक लोखंडी कपाट होतं, आणि बाबांनी मागेच जाहीर करून टाकलं होतं, "माझा जावई होणाऱ्याने ह्या कपाटाचं एक टोक उचलून दाखवायचं. दुसरं मी धरतो. उचललं तर पोरगी, नाहीतर चहा पिऊन वाटेला लागायचं."

"आणि पोरीला काय वाटतं ते?" आई शिवणयंत्रावरून मान वर न करता विचारायची.

"तिला काय वाटायचंय? माझीच पोर आहे ती!"

आता कळलं ना, पैलवान रविवारी सकाळी का अशी पांढरीफटक पडून बसली होती?

थांबासर आले. टेम्पोत पलंग आणि यंत्र चढलं. चाकं होती, फळी होती, सगळं सरकत गेलं. बाबा नाराज. "नुसतं ढकलाढकली! ह्यात मजा काय? या, आत या, चहा घ्या." आणि चहा येईपर्यंत त्यांनी पाहुण्याला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं, मग मुलीला न्याहाळलं. मुलगी बशीतल्या चहाकडे कमी आणि पाहुण्याकडे जास्त बघत होती. बाबा अंगाने अगडबंब असले तरी डोक्याने मंद नव्हते.

"अस्सं," ते म्हणाले. "जरा कपाटाला हात लावा बघू. खिडकीखाली घ्यायचंय."

"बाबा, नको!" ती किंचाळलीच.

"मला उचलता येत नाही, काका," थांबासर शांतपणे म्हणाले. "पाठ गेलीय. पण कपाट रिकामं केलं आणि खाली कापड घातलं, तर आपण ते—"

"कापड!" बाबांनी कपाळावर हात मारला. "अरे, बाप्यामाणसाने असं बोलावं? हे बघा. असं उचलायचं असतं!"

आणि बाबांनी कपाटाला एकट्याने मिठी मारली. वाकून. पाठ कमानीसारखी करून. भरलेलं कपाट! ते बोटभर उचललं गेलं, मग त्याने डुगडुगून धाडकन जमीन गाठली, आणि पाठोपाठ बाबांनीही. फरशी हादरली. शिवणयंत्राचं चाक आपोआप फिरलं.

"आई गं…!"

बाबांच्या तोंडून! आजवर त्यांनी कधी 'हुश्श'सुद्धा केलं नव्हतं. आईची बोबडी वळली. पैलवानने मात्र क्षणाचाही विचार केला नाही. झेपावली, बाबांच्या मागे गुडघ्यावर बसली, आणि बगलेत हात घातले. जसे रोज घालायची, तसेच.

"थांब! हात काढ!"

खोली दणाणली. तिने विंचू डसल्यासारखे हात मागे घेतले.

थांबासर ओरडले होते. ज्या माणसाने कधी आवाज चढवला नव्हता, तो! आणि अशा भयंकर क्षणीसुद्धा… खरं सांगायचं तर लाज वाटते, पण तिच्या मनात एक बारकासा दिवा लागला. काढ, म्हणाले. काढा नाही. काढ!

ते बाबांच्या तोंडासमोर जमिनीवर बसले होते. "काका, थांबा. उठायची घाई नाही. डोकं आपटलं का?"

"नाही… पाठ… अरे देवा…"

"पायांना मुंग्या? बधिर वाटतंय? बोटं हलवून दाखवा. दोन्ही पायांची. छान. आता मान. हळू… छान. पडून राहा. श्वास घ्या. आम्ही कुणीही तुम्हाला ओढणार नाही."

"मग मी इथेच राहू का जन्मभर?"

"नाही. तुम्ही स्वतः उठणार आहात. तुमची तयारी झाली की मला सांगा."

आणि ते थांबले. घड्याळ टिकटिकत होतं. आई पदर दाताखाली धरून उभी. बाबांना आयुष्यात कुणी असं विचारून वाट बघत थांबलं नव्हतं. ते गोंधळले, रागावले, कण्हले, आणि शेवटी अगदी बारीक आवाजात म्हणाले, "…तयार."

"दोन खुर्च्या," थांबासरांनी तिच्याकडे बघितलं. ती आधीच आणत होती. "काका, कुशीवर वळा. आता कोपरावर. मग हातावर रेटा द्या. गुडघ्यांवर या, ओणवे. पुढे खुर्ची आहे, तिच्यावर दोन्ही हात टेका. कोणता पाय चांगला?"

"उजवा."

"तो पुढे घ्या. आता हातांनी आणि त्या पायाने जोर. मी आहे इथे."

त्यांनी बाबांना बोटही लावलं नव्हतं. बाबा थरथरत उठले, तिने दुसरी खुर्ची मागून सरकवली, आणि तो डोंगर हळूच खुर्चीवर टेकला.

बाबांनी इकडे बघितलं, तिकडे बघितलं. डोळे विस्फारलेले.

"मला… मला उचललं कुणी?"

"कुणी नाही," आई म्हणाली, आणि तिला एकदम हसू आणि रडू बरोबरच आलं. "तुम्हीच उठलात. यांनी नुसतं विचारलं."

"आज डॉक्टरांना दाखवून घ्या," थांबासर म्हणाले. "आणि तोवर बसून राहा." मग त्यांनी चष्मा सारखा केला, सगळ्यांना नमस्कार केला आणि निघाले. कपाट जिथल्या तिथे होतं. उचललेलं नव्हतं. बातमीमुळे कपाटाची अट त्यांनाही ठाऊक होतीच; त्यांना वाटलं असणार, संपलं.

ती मागोमाग धावली. टेम्पोपाशी भुरभुर सुरू होती. पुन्हा त्याच केसांवर तेच थेंब.

"मघाशी मला 'तू' म्हणालात," ती धापा टाकत म्हणाली.

"माफ करा. घाबरलो होतो."

"बाबांसाठी?"

ते यंत्राच्या चाकाकडे बघत राहिले. "…तुझ्या पाठीसाठी."

घ्या! आता छातीत जे काही धडधडत होतं, ते थांबायला सांगितलं असतं तरी थांबलं नसतं.

"मी एक विचारू?" ती म्हणाली. "ह्या वेळी कुणाची पैज नाही. माझ्या घरात याल का? म्हणजे… आपल्या घरात? अर्ध्या भरलेल्या बादल्या चालतील मला. उरलेली अर्धी मी आणीन, गुडघ्यात बसून, पाठ सरळ ठेवून. लग्न कराल माझ्याशी?"

तो थिजलाच! लोकांना विचारा, विचारा म्हणून गावोगाव शिकवणारा माणूस, पण आपल्यालाच कुणी विचारेल असं त्याच्या स्वप्नातही नव्हतं. तोंड उघडलं, मिटलं. पुन्हा उघडलं.

आणि तिने काय केलं माहितेय? ती थांबली. हात मागे बांधून, ओठ चावून, एक अक्षरही न बोलता. थेंब नाकावरून ओघळला तरी पुसला नाही. आयुष्यात एवढं जड काही तिने उचललं नव्हतं.

"हो," तो म्हणाला. मग जणू स्वतःलाच पटेना म्हणून पुन्हा, "हो. हो!"

ती तशीच, ओल्या पायांनी घरात आली. त्याचा हात धरून. अर्थात, धरू का विचारून!

बाबांनी ते दोन हात बघितले. त्यांचा चेहरा लाल झाला, त्यांनी खुर्चीचे हात गच्च धरले—

"बाबा, उठायचं नाही! तुम्हाला अजून उठायला सांगितलेलं नाही," ती म्हणाली. आवाज कापत नव्हता. "आई, तूही ऐक. मी ठरवलंय. मी यांच्याशीच लग्न करणार आहे. आणि ते कपाट आम्ही दोघं खिडकीखाली नेणार आहोत. आधी रिकामं करून, मग खाली कापड घालून!"